किनाऱ्याच्या पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय पदार्थ आणि बदलते ऋतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखाशी आणि कोकणातल्या दोन-तीन खाड्यांमध्ये मी बरीच वर्षं पाण्याची सॅम्पल गोळा केलीत. त्याबद्दल कुठे बोलले की मागून तेच तेच प्रश्न येतात, कॉलेजच्या मुलामुलींचे, कोळंबीचे तलाव करणाऱ्यांचे, किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे, म्हणून ते इथे एकत्र करून ठेवलेत. उत्तरं गोवा आणि कोकण डोळ्यासमोर ठेवून दिली आहेत, बाहेरच्या किनाऱ्यांसाठी प्रश्न १५ बघा. एक विनंती आधीच करते: या विषयातला कुठलाही आकडा वाचलात तर पहिलं विचारा, महिना कुठला होता आणि भरती होती की ओहोटी. हे दोन माहीत नसेल तर तो आकडा कामाचा नाही.

१. विरघळलेला सेंद्रिय पदार्थ म्हणजे नक्की काय हो? साध्या भाषेत सांगा.

रात्री आमसुलं भिजत घाला, सकाळी ती काढून टाका आणि पाणी बारीक फडक्यातून गाळून घ्या, तरी लाल रंग आणि आंबटपणा पाण्यातच राहतो ना, तसंच हे आहे. पानं, माती, शेवाळ, मासे, जिवाणू, आपलं सांडपाणी, जे कधीतरी जिवंत होतं किंवा जिवंत गोष्टीतून बाहेर पडलं त्याचा पाण्यात उतरलेला अर्क म्हणजे डिझॉल्व्ह्ड ऑरगॅनिक मॅटर, बोलताना आम्ही डीओएम म्हणतो. त्यात साखरा असतात, प्रोटीनचे तुकडे असतात, मातीतून आलेले तपकिरी ह्युमिक पदार्थ असतात, आणि असे हजारो रेणू असतात ज्यांची रचनाच अजून नीट उलगडलेली नाही.

"विरघळलेलं" कशाला म्हणायचं तर जे ०.७ मायक्रॉनच्या काचतंतूंच्या फिल्टरमधून खाली उतरतं त्याला, काही लॅब ०.४५ किंवा ०.२ चा फिल्टर वापरतात. ही सोयीसाठी ओढलेली रेघ आहे, विषाणू आणि काही अगदी बारीक जिवाणूसुद्धा यातून खाली जातात.

अजून दोन नावं लक्षात ठेवा. डीओसी म्हणजे या पदार्थातला फक्त कार्बन, जो मशीनवर मोजता येतो. सीडॉम म्हणजे यातला रंगीत भाग, जो प्रकाश शोषतो. पुढचा सगळा घोळ या दोघांच्या फरकातच आहे.

२. म्हणजे पावसाळ्यात पाणी गढूळ होतं तेच ना?

नाही. गढूळपणा म्हणजे तरंगणारी माती, ती फिल्टरवर अडकते. जुलैतलं नदीचं पाणी बाटलीत दोन दिवस न हलवता ठेवलंत तर चिखल तळाशी बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ पण फिकट पिवळसर दिसतं, तो पिवळा रंग सीडॉमचा. (हे करताना तुरटी फिरवू नका, तुरटीने चिखलासोबत हा रंगही थोडा खाली ओढला जातो.) १९३० च्या दशकात कुर्ट काले या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रातल्या या रंगावर काम केलं तेव्हा त्याला नावच "पिवळा पदार्थ" असं दिलं होतं.

३. समुद्रात हे असतं तरी किती?

खुल्या समुद्रात पृष्ठभागाजवळ लिटरमागे साधारण ६० ते ८० मायक्रोमोल कार्बन, खोल समुद्रात ४० च्या आसपास. मिलिग्रॅमची सवय असेल तर १ मिलिग्रॅम कार्बन म्हणजे साधारण ८३ मायक्रोमोल, म्हणजे लिटरभर समुद्रात एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. खाड्यांमध्ये आकडा शंभरच्या वर सहज जातो, आणि दलदल किंवा सांडपाणी असेल तर कित्येक शेकड्यांवर.

लिटरमागे एवढुसं वाटतं, पण अख्ख्या महासागराचा हिशोब केला तर साधारण ६६२ अब्ज टन कार्बन होतो. हवेतल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळपास. मला अजूनही हा आकडा दर वेळी थांबवतो.

४. येतं कुठून? सगळं नदीतूनच वाहत येतं का?

किनाऱ्याजवळ तीन मुख्य वाटा आहेत. एक नदी, जी सह्याद्रीच्या उतारावरची पानं-माती धुऊन आणते. दुसरी खाडीकाठची कांदळवनं, चिखल, खाजणं (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनी), तिथला अर्क ओहोटीबरोबर बाहेर पडतो. आणि तिसरी म्हणजे समुद्रातच तयार होणारा, सूक्ष्म वनस्पती जगताना थोडं बाहेर सोडतात, त्यांना कोणी खाल्लं की खाताना सांडतं, विषाणूंनी पेशी फोडली की आतलं सगळं पाण्यात येतं. मोठ्या शहरांपाशी सांडपाणी ही चौथी वाट, तिचं वेगळं गणित प्रश्न ९ मध्ये आहे.

कुठल्या महिन्यात कुठली वाट उघडी आणि कुठली बंद, ऋतूनुसार बदल होतो तो यामुळेच.

५. आपल्या किनाऱ्यावर वर्षभरात हे कसं बदलतं? महिन्यांच्या भाषेत सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आगोटीपासून सुरू करू. जूनमध्ये पहिले मोठे पाऊस पडतात तेव्हा आठ महिने साचलेला पाचोळा, सुकलेली माती, गटारं, सगळं एकदम धुतलं जातं, आणि नदीच्या पाण्यात डीओसी आणि रंग दोन्ही झपाट्याने चढतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे नदीचा वर्षभराचा माल जवळजवळ चार महिन्यांतच समुद्रात जातो. पण जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस धो धो चालू असला तरी रंग जूनएवढा गडद राहीलच असं नाही, कारण वरवरचं धुऊन झालेलं असतं (प्रश्न ६).

याच काळात समुद्रात खाली वेगळंच चाललेलं असतं. पावसाळी वारे आणि दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह यामुळे पश्चिम किनाऱ्यालगत खोल पाणी वर सरकतं, याला अपवेलिंग म्हणतात. हे पाणी थंड, खारं, ऑक्सिजन कमी असलेलं आणि खतांनी (म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरससारख्या पोषक क्षारांनी) भरलेलं असतं. आणि इथे बरेच जण चुकतात: खोल पाण्यात डीओसी कमी असतो, म्हणजे अपवेलिंग सुरुवातीला खालच्या पाण्यातला डीओसी उतरवतं. त्याच वेळी वरती पाच-दहा मीटरचा गोड्या पाण्याचा थर, नदीच्या रंगाने भरलेला. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी वर गडद आणि खाली फिकं, दोन वेगळे समुद्र एकावर एक ठेवल्यासारखे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, ऊन पडतं, आणि वर आलेल्या खतांवर सूक्ष्म वनस्पती तरारतात. आता डीओएम समुद्रातच बनायला लागतो, ताजा, जिवाणूंना आवडणारा. खाली मात्र ऑक्सिजन संपत आलेला असतो. गोव्यात कांदोळीसमोर साधारण २७ मीटर खोलीवर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून एकाच जागी सॅम्पल घेत आलेत, आणि १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या किनाऱ्यावर तळाजवळच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडला होता, त्यावरचा सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांचा पेपर २००० साली नेचर मासिकात आला. अशा पाण्यात तळाच्या चिखलातूनही विरघळलेला सेंद्रिय पदार्थ आणि लोह बाहेर पडतं.

नोव्हेंबर ते जानेवारी प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, पाणी वरखाली मिसळतं, ऑक्सिजन परत येतो, आकडे शांत होतात. या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि सॅम्पल घ्यायला मात्र हेच सगळ्यात सोपे दिवस, म्हणून जुन्या आकड्यांमध्ये हिवाळा भरपूर आणि पावसाळा तुरळक दिसतो. हे लक्षात ठेवूनच जुने ग्राफ वाचा.

फेब्रुवारी ते मे नदी नावापुरती उरते, भरतीचं खारं पाणी खाडीत खूप आतपर्यंत जातं, आणि तरीही डीओसी खाली बसत नाही. का ते प्रश्न ७ मध्ये.

६. नदीला जास्त पाणी म्हणजे डीओएम पातळ व्हायला हवा ना? मग वाढतो कसा?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लिटरमागे किती आणि एकूण किती. जूनच्या पहिल्या लोंढ्यात दोन्ही वाढतात कारण मातीच्या वरच्या थरात माल साचलेला असतो. पुढे सलग पाऊस झाला की लिटरमागचा आकडा उतरायला लागतो, पण पाणीच इतकं वाहत असतं की एकूण माल तरी जास्तच जातो. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली आणि मग पुन्हा झड लागली की परत एक छोटा चढाव दिसतो, कारण तेवढ्या दिवसांत मातीत पुन्हा काहीतरी कुजलेलं असतं.

म्हणून "जुलैचं रीडिंग" असं काही नसतं. पाऊस लागून कितवा दिवस, ते वहीत लिहा.

७. एप्रिल-मेमध्ये नदी आटलेली असते तरी तुमच्या ग्राफमध्ये डीओसी जास्त कसा?

कारण तेव्हा पाणी खाडीत रेंगाळतं. पावसाळ्यात खाडीतलं पाणी चटकन बाहेर ढकललं जातं, उन्हाळ्यात तेच पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करत राहतं, आणि प्रत्येक फेरीत कांदळवनातला, चिखलातला अर्क थोडा थोडा मिसळत जातो. बाष्पीभवनही असतंच.

बाहेर समुद्रात वेगळं कारण. पृष्ठभागावरची खतं संपली की सूक्ष्म वनस्पती प्रकाशसंश्लेषण थांबवत नाहीत, पण वाढायला नायट्रोजन-फॉस्फरस नसल्यामुळे जास्तीचा कार्बन साखरांच्या रूपात बाहेर टाकतात. जिवाणूंनाही खतं हवी असतात, ती नसली की त्यांनाही हा माल पटकन संपवता येत नाही. मग साठत जातो.

आणि फेब्रुवारी ते मे या काळात आपल्याकडे ट्रायकोडेस्मियम नावाच्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूचा बहर येतो. समुद्रावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे दिसतात, मच्छीमार सांगतात की जाळ्याला चिकटतं आणि वास मारतो. हा हवेतला नायट्रोजन बांधू शकतो, त्यामुळे बाकी सगळे उपाशी असतानाही फोफावतो, आणि मरताना सगळा माल पाण्यात सोडतो. अशा पट्ट्यातून एकदा बादली भरली होती, सकाळी तपकिरी पाणी, संध्याकाळपर्यंत बादलीत गुलाबी झाक, पेशी फुटून आतलं रंगद्रव्य बाहेर आलं होतं. असं सॅम्पल वर्षभराच्या सरासरीत तसंच घुसवलंत तर अख्खा मे महिना खोटा दिसेल, त्याला वेगळी खूण करा.

८. पावसाळ्यात किनाऱ्यावर एवढा फेस येतो, ते केमिकल आहे का? मुलांना पाण्यात सोडावं का?

बहुतेक वेळा तो फेस याच पदार्थाचा असतो. ताक घुसळलं की वर फेस धरतो तसंच, लाटा हवा मिसळतात आणि प्रोटीन-स्निग्ध रेणू बुडबुड्याच्या कडेला जाऊन त्याला टिकवून धरतात. पावसाळ्यात लाटा मोठ्या आणि माल भरपूर, त्यामुळे फेस जास्त. फिकट तपकिरी, मातकट किंवा मासळीचा वास, वाऱ्याने उडणारा, तर नैसर्गिक समजायला हरकत नाही. पांढराशुभ्र, साबणाचा वास येणारा, नाल्याच्या तोंडाशीच साठलेला असेल तर सांडपाण्याचा संशय घ्या.

मुलांचं म्हणाल तर पावसाळ्यात त्यांना समुद्रात सोडूच नका, फेसामुळे नाही, ओढीमुळे. आणि हा फेस बाकी कचरा आणि जंतूही धरून ठेवतो, तेव्हा खेळणं दुरूनच बरं.

९. मी ठाण्याला राहतो. आमच्या खाडीत पावसाळ्यात आकडा कमी आणि उन्हाळ्यात जास्त असं दिसतं. तुम्ही सांगता त्याच्या उलट कसं?

उलट नाही, मालाची वाट वेगळी आहे. सांडपाणी बारा महिने जवळजवळ सारखंच येतं. पावसाळ्यात ते पातळ होऊन वाहून जातं, उन्हाळ्यात साचून राहतं. त्यामुळे जिथे शहराचा माल नदीच्या मालापेक्षा जड आहे तिथे वर्षाचा ग्राफ पालथा होतो, आणि मला विचाराल तर खाडीवर शहराचा किती भार आहे ते ओळखायची ही एक चांगली खूण आहे. सांडपाण्याच्या पदार्थात प्रोटीनसारखा भाग जास्त असतो, फ्लुरोसन्सवर, म्हणजे ठरावीक प्रकाश टाकल्यावर पाणी कसं चमकतं त्यावर, तो वेगळा ओळखता येतो (प्रश्न १२).

१०. भरती-ओहोटीने एवढा फरक पडतो का? ऋतूचा अभ्यास आहे तर तासांचं काय?

पडतो, आणि कधी कधी ऋतूएवढा पडतो. कांदळवनाच्या ओहोळाच्या तोंडाशी एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला सॅम्पल घेऊन बघा. भरतीला समुद्राचं पाणी, ओहोटीच्या शेवटी चिखलातून झिरपलेलं तपकिरी पाणी. त्यात उधाणाच्या भरतीला पाणी वर पार मुळांपर्यंत, खाजणाच्या बांधापर्यंत जातं आणि उतरताना जास्त माल आणतं, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तेवढं नाही.

आता समजा कोणी मार्चमध्ये उधाणाच्या ओहोटीला आणि ऑगस्टमध्ये भांगाच्या भरतीला सॅम्पल घेतलं, तर त्याचा निष्कर्ष निघेल की मार्चमध्ये डीओएम जास्त, आणि त्याला ऋतू म्हणून तो छापून टाकेल. दर महिन्याला एकाच तिथीच्या आसपास आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर जा. पंचांगात किंवा कॅलेंडरवर तिथी असतेच, ती वहीत तारखेच्या शेजारी लिहिली की पुरे.

११. उन्हाने हा रंग उडतो असं वाचलं. खरं का?

अगदी खरं. कपडा उन्हात विटतो तसा सीडॉम विटतो. अतिनील किरण मोठे रंगीत रेणू तोडतात, रंग जातो, त्यातला थोडा कार्बन थेट कार्बन डायऑक्साइड होतो, आणि काही छोटे तुकडे जिवाणूंना खायला सोपे होतात.

म्हणूनच प्रमाण आणि रंग बरोबरीने चढ-उतार करत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात आभाळ झाकलेलं, नदीचा ताजा माल, म्हणजे कार्बनच्या मानाने रंग जास्त. एप्रिल-मेमध्ये कार्बन आहे पण रंग विटलेला, बाहेरचं पाणी निळंशार दिसतं तरी डीओसी मोजला तर भरतो. नुसता रंग मोजून "उन्हाळ्यात डीओएम कमी झाला" असं लिहिलेले प्रोजेक्ट माझ्याकडे दर वर्षी येतात, मुलांची मेहनत खरी असते पण निष्कर्ष चुकतो, म्हणून हे एवढं ठासून सांगते.

१२. हे मोजतात कसं? आमच्या कॉलेजमध्ये काय जमू शकेल?

डीओसीसाठी सॅम्पलमध्ये आम्ल घालून त्यातून शुद्ध हवा सोडतात म्हणजे अजैविक कार्बन निघून जातो. तो समुद्रात डीओसीच्या पंचवीस-तीसपट असतो, आधी काढलाच पाहिजे. मग उरलेलं पाणी साधारण ६८० अंशांवर प्लॅटिनमच्या कॅटॅलिस्टवर जाळतात आणि निघालेला वायू मोजतात. मशीन महाग आहे, सगळ्यांकडे नसतं.

रंग मात्र कुठल्याही बऱ्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होतो, १० सेंटिमीटरचा क्युव्हेट (पाणी भरून प्रकाशात ठेवायची पारदर्शक डबी) मिळाला तर उत्तम कारण समुद्राचा रंग फारच फिका. २५४ नॅनोमीटर आणि ३५० नॅनोमीटरला शोषण बघा, त्यांच्यातला उतार बघा, मातीचा माल आणि समुद्राचा माल यात फरक दिसायला लागतो.

फ्लुरोसन्सवर ह्युमिक भाग ३४० च्या आसपासच्या प्रकाशाने उजळतो आणि ४४०-४५० ला चमकतो, प्रोटीनसारखा भाग २७५ ने उजळून ३४० ला. तुलना क्विनाइनशी करतात, तेच मलेरियाच्या औषधातलं आणि टॉनिक वॉटरमधलं. वर्गात दाखवायचं असेल तर नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात टॉनिक वॉटरवर मारा, निळं चमकतं. मग वाळलेली पानं दोन दिवस भिजवून गाळलेल्या पाण्यावर मारा, तिथेही अंधूक निळसर झाक दिसते. एवढ्यावर मुलांना विषय कळतो.

१३. सॅम्पल घेताना काय काळजी घ्यायची? आमचे ब्लँकच जास्त येतात.

ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचं शुद्ध पाण्याचं सॅम्पल, जास्त आलं म्हणजे कुठूनतरी तुमचाच कार्बन पाण्यात जातोय. काचेच्या बाटल्या आणि काचतंतूंचे फिल्टर ४५० अंशांवर चार-पाच तास भाजून घ्या, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर असू द्या. हाताला क्रीम नको, सनस्क्रीन नको, अल्कोहोलचा वास लॅबमध्ये नको. एका ऑगस्टमध्ये माझी अख्खी खेप फुकट गेली होती, चार दिवस भिजून घेतलेली चोवीस सॅम्पल, कारण होडीत बाटल्यांचा क्रेट इंजिनच्या पेट्रोल कॅनला चिकटून ठेवला होता आणि वाफा झाकणातून आत गेल्या. तेव्हापासून क्रेट नाळेकडे आणि कॅन मागे, आणि दर फेरीला भरलेली पण न उघडलेली एक ब्लँक बाटली सोबत.

गाळताना घाई नको. जुलैत ४७ मिलिमीटरच्या फिल्टरमधून २०० मिलीलिटर गेलं की पाणी थेंब थेंब पडायला लागतं आणि फिल्टर विटकरी होतो, एप्रिलमध्ये त्याच फिल्टरमधून लिटरभर सहज उतरतं. थेंब थेंब झालं की पंपाचा जोर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, पेशी फुटतात आणि आतला माल गाळलेल्या पाण्यात येतो. फिल्टर बदला. त्यानंतर डीओसीची सॅम्पल आम्ल घालून पीएच २ वर आणून थंडीत, आणि रंगाची सॅम्पल आम्ल न घालता अंधारात, थंडीत, शक्य तितक्या लवकर मोजायची.

१४. कोळंबी तलावाला आम्ही सीओडी, बीओडी करून घेतो. तेच पुरे नाही का?

कामाचे आहेत, पण ते दुसरं काहीतरी सांगतात. बीओडी सांगतो जिवाणूंनी थोड्या दिवसांत किती ऑक्सिजन खाल्ला, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. म्हणजे फक्त पटकन कुजणारा भाग. खाडीच्या डीओएमचा बराच भाग तीन दिवसांत हलतसुद्धा नाही. आणि सीओडी, म्हणजे रसायनाने सेंद्रिय माल जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, खाऱ्या पाण्यात फसवतो, कारण मिठातला क्लोराइडही त्या रसायनाशी भिडतो आणि आकडा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून तो दाबतात, पण पूर्ण खारं पाणी असेल तर तेही पुरत नाही. उन्हाळ्यात खारटपणा वाढतो तसा सीओडीही वाढलेला दिसला तर आधी हीच शंका घ्या.

पहिल्या पावसानंतर कोळंबी पहाटे वर येऊन तोंड मारते, त्यामागे एक कारण या विषयातलं आहे: गोडं हलकं पाणी वर पसरून हवा खाली जाऊ देत नाही, आणि धुऊन आलेल्या ताज्या मालावर खालचे जिवाणू ऑक्सिजन संपवतात. त्या रात्री एरेटर बंद ठेवू नका.

१५. मी नॉर्वेत शिकतेय, इथे पाऊस वर्षभर. इथलं वेळापत्रक काय?

तिकडे घड्याळ पावसाचं नाही, बर्फाचं आणि उजेडाचं. वसंतात बर्फ वितळून नद्या फुगतात आणि जंगल-दलदलीचा तपकिरी माल येतो. सैबेरिया-अलास्काच्या आर्क्टिक नद्यांमध्ये तर वर्षाच्या डीओसीचा मोठा वाटा मे-जूनच्या त्या लोंढ्यातच जातो. समुद्रात वसंतात सूक्ष्म वनस्पतींचा बहर, आणि डीओसीचा चढ थोडा उशिरा, उन्हाळाअखेरीला, खतं संपल्यावर (कारण प्रश्न ७ मधलंच). हिवाळ्यात वादळं पाणी ढवळतात आणि साठलेला माल खाली नेतात. हे नीट दिसलं ते अटलांटिकमध्ये बर्म्युडाजवळ, तिथे १९८८ पासून एकाच जागी मोजमाप चालू आहे.

भूमध्य समुद्राच्या बाजूला कोणी असेल तर तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रात २०२१ मध्ये पसरलेला चिकट थर आठवेल. तोही सूक्ष्म वनस्पतींनी सोडलेल्या साखरांचाच, शांत, गरम, खतांनी भरलेल्या पाण्यात गोळा झालेला.

१६. याचा मासळीशी काय संबंध? हे तर माशांना खाता येत नाही.

थेट खाता येत नाही. जिवाणू खातात, त्यांना बारीक एकपेशीय जीव खातात, त्यांना प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी), मग मासळी. १९८३ मध्ये फारूक आझम आणि सहकाऱ्यांनी ही साखळी नीट मांडली, तोवर विरघळलेला माल म्हणजे वाया गेलेला माल असंच बरेच जण धरून चालायचे. वाटेत बराच कार्बन श्वासात जातो, त्यामुळे ही वाट लांबची आणि महागडी, पण बंद नाही. मासेमारीची बंदी उठल्यावर किंवा नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात तेव्हाचं पाणी समृद्ध असतं त्याचं मुख्य श्रेय अपवेलिंगच्या खतांना, डीओएमचा वाटा दुय्यम. उगाच मोठं करून सांगणार नाही.

१७. सॅटेलाइटवरून दिसतं ना सगळं? मग होडीत कशाला जाता?

दोन अडचणी. पावसाळ्यात ढग, म्हणजे ज्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त घडतं तेव्हाच डोळे बंद. आणि उघडीप मिळाली तरी सीडॉम निळा प्रकाश शोषतो, क्लोरोफिलही निळा शोषतं, त्यामुळे नदीचं तपकिरी पाणी सॅटेलाइटला वनस्पतींचा बहर वाटू शकतं. सप्टेंबरमध्ये सॅटेलाइटच्या नकाशात किनाऱ्यालगत लाल पट्टा दिसला म्हणून बहर आला असं लगेच समजू नका. २०२२ मध्ये गेलेल्या आपल्या ओशनसॅट-३ वर आधीपेक्षा जास्त पट्टे आहेत आणि २०२४ च्या नासाच्या पेस यानावर तर निळ्याच्या टोकापलीकडे अतिनीलपर्यंतचे, त्याने हा घोळ कमी होईल, पण पडताळायला होडीतलं पाणी लागणारच.

१८. हा कार्बन शेवटी हवेत जातो की समुद्रात राहतो?

दोन्ही. ताजा भाग तासा-दिवसांत जिवाणू संपवतात. मधला महिने टिकतो, आपण ज्याला ऋतूचा बदल म्हणतो तो बहुतेक या मधल्या भागाचा. आणि उरलेला कोणी शिवत नाही, खोल समुद्रातल्या डीओसीचं रेडिओकार्बन वय सरासरी ४००० ते ६००० वर्षं भरतं. जगभरच्या नद्या वर्षाला साधारण पाव अब्ज टन डीओसी समुद्रात टाकतात, तरी खोल समुद्रात जमिनीच्या झाडांची खूण फारच थोडी सापडते. म्हणजे बराचसा किनाऱ्याजवळच, उन्हाने आणि जिवाणूंनी, तुटत असणार. किनारा मोजणं महत्त्वाचं वाटतं ते म्हणूनच.

१९. आम्ही खारटपणा विरुद्ध सीडॉम ग्राफ काढला, पावसाळ्यात सरळ रेघ आली, मार्चमध्ये ठिपके कुठेही. चुकलं का?

नाही चुकलं, असंच यायला हवं. पावसाळ्यात नदीचं गडद गोडं आणि समुद्राचं फिकं खारं अशी दोनच पाणी झपाट्याने मिसळतात, म्हणून रेघ. मार्चमध्ये मधल्या वाटेवरच माल येतो (प्रश्न ७, १०) आणि मधल्या वाटेवरच विटतो (प्रश्न ११), ठिपके रेघेच्या वर गेले तर कुठून तरी भर पडतेय, खाली गेले तर काहीतरी खाल्लं जातंय. एक मात्र तपासा, पावसाळ्याच्या रेघेचं नदीकडचं टोक आठवड्या-आठवड्याला हलतं (प्रश्न ६), तेव्हा जून आणि ऑगस्टची सॅम्पल एकाच रेघेवर बसवू नका.

२०. सप्टेंबरअखेर खालच्या पाण्यात डीओसी कमी पण फ्लुरोसन्स जास्त आला. मशीन बिघडलं असेल?

मशीनला दोष देण्याआधी त्या सॅम्पलचा ऑक्सिजन बघा. कमी असेल तर बहुधा रीडिंग बरोबर आहे. खोलवरून आलेल्या पाण्यात सहज खाण्यासारखा माल आधीच संपलेला असतो, म्हणून डीओसी कमी, पण जिवाणू खाता खाता जे मागे सोडतात त्यात ह्युमिकसारखा चमकणारा भाग असतो, आणि खाली ऊन पोचत नाही म्हणून तो विटतही नाही. वरच्या नदीच्या पाण्यातही ह्युमिक चमक असतेच, त्यामुळे नुसती चमक बघून "नदीचा माल तळापर्यंत पोचला" असं लिहू नका. खारटपणा बघा, ३५ च्या आसपास असेल तर ते नदीचं पाणी नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्याच जागी परत जा, पाणी वरखाली मिसळल्यावर ती चमक पृष्ठभागाकडे येते आणि मग उन्हात पुढच्या काही आठवड्यांत उतरत जाते. दोन्ही फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाठवलेत तर मी नक्की बघेन.